आगगाडीचे भय आणि मोटारीचा विश्वास

सन २०२२ च्या डिसेंबर महिन्यात, ११ तारखेस, नागपुरात दोन मार्ग एकाच दिवशी लोकांच्या स्वाधीन झाले. एक समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा पहिला टप्पा. आणि दुसरा शहरातील मेट्रो रेल्वेचा उरलेला भाग, ज्यात सीताबर्डीपासून पूर्वेस प्रजापतीनगरापर्यंत जाणारी शाखा होती. महालातून यांपैकी एकही मार्ग जात नाही. भोसल्यांचा वाडा, गांधी गेट, बडकस चौक, केळीबाग रस्ता ही सारी जुनी वस्ती मेट्रोच्या रुळांपासून बाजूस राहिली. तथापि जिथे गणपतीच्या मूर्ती घडतात त्या चितारओळीच्या चौकात एक स्थानक आहे, अग्रसेन चौकात दुसरे आहे, आणि मनुष्य धडधाकट असेल तर ही दोन्ही महालातून पायी गाठता येतात. तेव्हा रुळांवरून जावे की स्वतःचे वाहन हाकावे, हा प्रश्न महालातील गृहस्थापुढे त्या दिवसापासून उभा आहे. बहुतेक घरांत तो पैशाचा, वेळेचा आणि सोयीचा प्रश्न म्हणून उरकला जातो. जिवाच्या सुरक्षिततेचा विचार त्यात निघत नाही. आणि निघालाच तर तो, मोठ्या नवलाची गोष्ट, आगगाडीविरुद्ध निघतो!

माझ्या परिचयाच्या एका घरी हा प्रकार मी जवळून पाहत आलो आहे. थोरला मुलगा हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे आणि रोज दुचाकीवरून जातो-येतो. धाकटी मुलगी पुण्यास शिकते व सुट्टीत आगगाडीने घरी येते. ती निघाली की तिच्या आईचा जीव थाऱ्यावर नसतो. गाडी भुसावळला पोहोचली का, अकोल्याहून सुटली का, याची रात्रभर विचारपूस चाललेली असते. थोरला मात्र रोज सकाळी किल्ली उचलून जिना उतरतो तेव्हा कोणी मान वर करूनही पाहत नाही. त्या माउलीचे वात्सल्य दोघांवर सारखेच आहे, याविषयी शंका नको. भय मात्र सारखे वाटलेले नाही, आणि जिथे धोका अधिक तिथे ते कमी आहे.

२ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकापाशी कोरोमंडल एक्स्प्रेस उभ्या मालगाडीवर आदळली, आणि त्या अपघातात २९० हून अधिक माणसे दगावली. साऱ्या देशाने त्या रात्री हळहळ व्यक्त केली, आणि ते योग्यच झाले. परंतु त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे २०२२ साली, भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. याची दिवसाची सरासरी सुमारे ४६२ येते. म्हणजे बहानग्याहून मोठा संहार आपल्या रस्त्यांवर रोज, अगदी सणावारीही, होत असतो. फक्त तो एका जागी होत नाही. एक मनुष्य वर्धा रस्त्यावर, दोघे उमरेडच्या वाटेवर, एक कुठे कोल्हापूरकडे, असा तो विखुरलेला असतो, आणि विखुरलेल्या दुःखाचे वर्तमान त्या त्या घराच्या उंबऱ्याबाहेर फारसे जात नाही.

आता कोणी म्हणेल की, रस्त्यावर माणसे अधिक चालतात म्हणून अधिक मरतात. यात विशेष ते काय? आक्षेप रास्त आहे. तुलना करावयाची ती दर माणशी आणि दर कोसाची केली पाहिजे. पण तशी केली तरी ती आगगाडीच्याच बाजूने पडते, आणि थोडीथोडकी नव्हे, अनेक पटींनी पडते. जपानातील अतिवेगवान शिन्कान्सेन गाडी १९६४ साली सुरू झाली. रूळ सोडल्याने किंवा टक्कर झाल्याने तिच्यातील एकाही प्रवाशाचा प्राण गेलेला नाही. उलट दुचाकीचा हिशेब मोटारीहूनही वाईट आहे, आणि महालातील वाहन म्हणजे प्रायः दुचाकीच.

मग भय उलटे का? याचे नेहमी दिले जाणारे उत्तर असे की, मोटारीत चक्र आपल्या हाती असते आणि आगगाडीत आपण परस्वाधीन असतो. मनुष्याला स्वतःच्या हाताचा भरवसा फार. परंतु हे उत्तर पुरे पडत नाही. समोरून येणाऱ्या ट्रकचे चक्र काही माझ्या हाती नसते! रस्त्यावर मी माझ्या एका हाताच्या भरवशावर निघतो, आणि प्रत्यक्षात शंभर अनोळखी हातांच्या स्वाधीन होतो. त्यांतला कोणता थकलेला आहे, कोणता प्यायलेला आहे, कोणता सोळा वर्षांचा आहे, हे मला कळण्याचा मार्ग नाही. परस्वाधीनता दोन्हीकडे आहे. भेद आहे तो आपण कोणाच्या स्वाधीन होतो यात.

१ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर, नागपुराहून पुण्यास निघालेली एक खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटली, पेटली, आणि आतील पंचवीस प्रवासी जळून मेले. तेही आगगाडीतल्या प्रवाशांप्रमाणेच डोळे मिटून दुसऱ्याच्या स्वाधीन झाले होते. पण ते ज्याच्या स्वाधीन झाले तो एकटा मनुष्य होता, आणि सरळ, निर्मनुष्य रस्त्यावर रात्रभर सावध राहण्याचे काम त्या एकट्यावर होते. रेल्वेच्या चालकाची निद्राही माणसाचीच निद्रा होय. परंतु पुढचा मार्गखंड मोकळा असल्याची खात्री झाल्यावाचून मागच्या गाडीस सिग्नल द्यायचा नाही, हा नियम त्याच्या डोळ्यांवर अवलंबून नसतो. एका खंडात एकच गाडी. काटा बसल्यावाचून सिग्नल नाही. सिग्नल पडल्यावर काटा हलायचा नाही. असे एकाच्या चुकीला दुसऱ्याने अडवण्याचे बंध रेल्वेने गेल्या दीडशे वर्षांत एकेक अपघात सोसून बांधले. बहानग्यास सिग्नलच्या जोडणीतच चूक झाली म्हणून इतका अनर्थ झाला, यावरूनही तेच सिद्ध होते.

आणि चूक झाली हे आपल्याला कळले तरी कसे? रेल्वेच्या मोठ्या अपघाताची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात, आणि हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अधीन असतात. हेतू हा की, ज्याची चूक त्याच्याच नोकराने न्याय करू नये. आता महालातील एखाद्या चौकात सायंकाळी एखादा म्हातारा दुचाकीखाली सापडतो तेव्हा काय होते ते पाहा. पंचनामा होतो, गुन्हा नोंदला जातो, चालकाची चूक की म्हाताऱ्याची यावर चार लोक मत देतात, आणि पुढच्या सायंकाळी तो चौक पूर्वीसारखाच असतो. तिथला उतार, तिथला अंधार, पदपथावर मांडलेली दुकाने यांच्यावर कोणी आरोप ठेवीत नाही. ‘नशीब’ हा शब्द आपण आगगाडीच्या अपघातानंतर फार वेळ वापरू धजत नाही. जबाबदार कोण, असे विचारतो. रस्त्यावरच्या मृत्यूला मात्र तो शब्द पुरतो.

येथवर आगगाडीची बाजू फार सोपी वाटेल. ती तशी नाही. आणि मुंबईचे नाव काढल्यावाचून या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अलीकडे वर्षाला सुमारे अडीच हजार माणसे मरतात. त्यांतील पुष्कळशी रूळ ओलांडताना मरतात, आणि शेकडो चालत्या गाडीतून पडून. गाडी रुळांवरून घसरत नाही, कशावर आदळत नाही, वेळेवर मुक्कामास पोहोचते. फक्त काही माणसे पोहोचत नाहीत. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन खच्चून भरलेल्या गाड्या एकमेकींशेजारून जाताना दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडले आणि त्यांतील काहींचा प्राण गेला, तेव्हाही अपघात ‘गाडीला’ झालेला नव्हता. सुरक्षिततेचे आकडे मांडताना डब्याच्या आत बसलेला तेवढा प्रवासी धरावयाचा आणि दाराच्या दांडीला धरून लटकलेला सोडावयाचा, ही आकडेमोड शुद्ध नव्हे. कायदा या बाबतीत आकड्यांहून अधिक न्यायी निघाला. १९९४ सालच्या दुरुस्तीने रेल्वे कायद्यात गाडीतून पडून होणाऱ्या मृत्यूला भरपाई देण्याचे बंधन आले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले की, चढता-उतरता पडलेल्या प्रवाशाच्या निष्काळजीपणाची सबब सांगून ती भरपाई नाकारता यायची नाही.

नागपुरातील सुशिक्षित मंडळी मुंब्र्यासारखी बातमी वाचून हमखास म्हणतात, “पण हे लोक दारात लोंबकळतातच कशाला?” बोलणारा पुष्कळदा नुकताच बोडक्या डोक्याने दुचाकीवरून आलेला असतो, आणि त्याचे शिरस्त्राण त्याच दुचाकीच्या आरशाला टांगलेले असते. २०२२ साली शिरस्त्राण न घातलेली ५० हजारांहून अधिक माणसे या देशात दुचाकीवर मेली. दारात लोंबकळणाऱ्याने तिकीट काढलेले आहे, त्याला आत जावयाचे आहे, आणि आत जागा नाही. ही गाडी सोडली तर पुढचीही तशीच येणार, आणि कामावर उशीर झाला तर दिवसाचे वेतन कापले जाणार. बोडक्या स्वाराला डोक्यावर चढवायची वस्तू हातभर अंतरावर आहे. या दोघांपैकी ‘स्वतःहून धोका पत्करला’ असे कोणाविषयी म्हणावे? मला वाटते, निवडीचे स्वातंत्र्य ज्याला खरोखर होते त्यालाच तिचा दोष लागावा. आणि आपण नेमके उलटे करतो, लाचाराला बेपर्वा म्हणतो आणि बेपर्वाला दुर्दैवी म्हणतो.

११ जुलै २००६ रोजी सायंकाळी मुंबईच्या पश्चिम मार्गावरील गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले आणि दोनशेच्या आसपास माणसे मेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मार्गावर लोक पुन्हा गाडीत चढले. त्यांच्या धैर्याची त्या वेळी पुष्कळ स्तुती झाली. धैर्य होतेच, पण दुसरा मार्गही नव्हता. ज्यांना दुसरा मार्ग होता त्यांनी काय केले, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. २००१ च्या सप्टेंबरातील विमानहल्ल्यांनंतर तेथील पुष्कळ लोकांनी भयाने विमान सोडले आणि मोटारीने प्रवास केला. गेर्ड गिगेरेन्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या हिशेबाप्रमाणे पुढच्या एका वर्षात त्यामुळे सुमारे दीड हजार माणसे रस्त्यांवर अधिक मेली. त्यांच्यासाठी स्मारक नाही, कारण आपण भयाने मेलो हे त्यांचे त्यांनाही कळले नाही.

परंतु त्या दीड हजारांत सगळेच भ्यालेले होते असे नाही, आणि माझ्या मते खरा नीतीचा प्रश्न इथे लागतो. मोटारीत बसून मी माझाच जीव धोक्यात घालतो असे नव्हे. ज्याने काहीच निवडले नाही अशाचाही घालतो. मेट्रोच्या डब्यात बसलेला मनुष्य कितीही अजागळ असो, पुस्तक वाचो, पेंगो, बायकोशी भांडो, त्याच्या अजागळपणाने रस्त्यावरचे पोर मरत नाही. चक्रामागे बसलेल्या अत्यंत सद्गुणी माणसाच्या एका क्षणाच्या विसराळूपणाने ते मरू शकते. २०२२ साली रस्त्यांवर मेलेल्यांत ३२ हजारांहून अधिक लोक पायी चालणारे होते. त्यांनी ना वेग निवडला होता, ना वाहन. २०२४ च्या फेब्रुवारीत नागपूर स्थानकाच्या रुळांवरून जाणाऱ्या रामझुल्यावर एका मोटारीची धडक बसून दुचाकीवरील दोन तरुण मेले. पुलाखालून त्या रात्रीही सिग्नल पाहून गाड्या जात-येत असतील.

स्वतःच्या जिवावर मनुष्याचा अधिकार आहे, असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. पर्वत चढणाऱ्याला कोण अडवतो? पण वाहन चालविण्याचे स्वातंत्र्य त्या जातीचे नाही. ते शेजाऱ्याच्या जिवाच्या तारणावर घेतलेले कर्ज आहे, आणि शेजाऱ्याची सही त्यावर नाही. म्हणून ते मुळीच घेऊ नये असे मी म्हणत नाही. प्रसूतीची वेळ आली असता मेट्रोच्या वेळापत्रकाकडे कोणी पाहत बसत नाही, आणि रात्रपाळीहून येणाऱ्या परिचारिकेने काय करावे हे घरात बसून सांगणे सोपे आहे. गरज असेल तिथे कर्ज घ्यावेच लागते. पण बडकस चौकातून सीताबर्डीस कापड घेण्यास जाताना ते घ्यावे काय, आणि बारावी झाली म्हणून मुलाच्या हाती ते बक्षीस म्हणून ठेवावे काय, हे प्रश्न वडीलधाऱ्यांनी स्वतःस विचारण्यासारखे आहेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अठराच्या आतील मुलांपुरते कायद्याने दिले आहे. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला तर त्याचा पालक अथवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची आहे. ज्याने किल्ली दिली त्याचाही हात चक्रावर होता, असे संसदेला वाटले.

आमच्या परिचयाच्या त्या घरी हे सर्व मी एकदा बोलून पाहिले. थोरल्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, “काका, लोकमान्यनगरपर्यंत मेट्रो जाते हे मला ठाऊक आहे. पण चितारओळीपर्यंत मी चालत जायचे कुठून ते सांगा.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्या वाटेवर पदपथ जिथे आहे तिथे दुकाने आहेत, जिथे दुकाने नाहीत तिथे उभी केलेली वाहने आहेत, आणि राहिलेल्या रस्त्यावर त्याच्याचसारखे हजारो थोरले मुलगे दुचाकीवरून जात असतात.