80 मिलिलिटर

बोरगाव मेघेच्या कडेला मोकळ्या रानात दर रविवारी मी मुलांना दोरीवरचं मॉडेल विमान उडवायला शिकवतो. इंधन मात्र घरी, स्वतःच्या हातानं बनवतो. एका लिटरला 700 मिलिलिटर मिथेनॉल, 100 नायट्रोमिथेन, 200 एरंडेल. या विमानाच्या इंजिनाला वंगणाची वेगळी टाकी नसते. पिस्टनला जे वंगण मिळतं ते या एरंडेलाचंच, आणि बरीचशी उष्णताही तेच बाहेर नेतं.

एका शनिवारी रात्री एरंडेल 120 मिलिलिटरच निघालं. कमी पडलेले 80 मी मिथेनॉलनं भरून काढले आणि कुणाला सांगितलं नाही. परिणाम मला ठाऊक होता, हेच आज टोचतं.

तेल कमी झालं की इंधन पातळ होतं, इंधनाचा प्रवाह ठरवणाऱ्या सुईच्या त्याच फटीतून जास्त वाहतं, शिवाय त्यातला जळणारा भाग वाढतो. त्यामुळे रविवारी जुन्या सेटिंगवर इंजिन रिच, म्हणजे गरजेपेक्षा जास्त इंधनावर, जड आवाजात चाललं. ते उडवणाऱ्या मुलानं मी शिकवलं होतं तेच केलं. आवाज मोकळा होईपर्यंत सुई आवळत नेली. आता इंधन कमी जात होतं आणि त्या इंधनात तेलही कमी होतं. काही फेऱ्यांतच इंजिन जाम झालं.

खोललं तर पिस्टनवर नखाला लागतील असे उभे ओरखडे. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "सुई फार आवळलीस."

"माह्याच हातानं बिघडलं, काकाजी," तो खाली मान घालून म्हणाला.

सुई त्यानं आवळली होतीच, तेव्हा मी खोटं बोललो नाही, अशी मी मनाची समजूत घातली. नवा पिस्टन-स्लीव्ह स्वतःच्या पैशानं आणून दिला आणि त्याच्या आईचे आभारही स्वीकारले.

आता तो सुई आवळायला भितो. इंजिन धूर ओकत राहतं, जोर धरत नाही, दोऱ्या सैल पडतात. दोन वर्षांत तयार झालेल्या स्वतःच्या कानावर त्याचा भरवसा उरलेला नाही. तो माझ्याकडे बघतो.

येत्या रविवारी त्याच मुलांसमोर मी 120 हा आकडा सांगणार आहे. तो मुलगा जे म्हणेल ते ऐकून घेईन. मग सुई त्याच्याच हातात देईन.