निरुपद्रवीपणाची कसोटी

जे घरात पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले जाते, ते रुग्णाला देऊन पाहण्यात जोखीम कसली, असा प्रश्न सहज विचारला जातो. त्याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

स्वादुपिंडाच्या तीव्र दाहात पाचकरस त्या अवयवालाच पचवू लागतात. पित्ताशयातील खडे आणि मद्य ही त्याची प्रमुख कारणे. शिरेतून द्रव, वेदनाशमन आणि शक्य तितक्या लवकर आहार हा उपचारांचा कणा. दाह थांबवणारे खात्रीचे औषध अद्याप नाही. म्हणूनच हळदीतील कुर्क्युमिनसारख्या वनस्पतिजन्य पूरकांकडे संशोधकांची दृष्टी वळते.

नेदरलँड्समध्ये याच आजाराच्या काही रुग्णांना आतड्यास हितकर मानलेले जिवाणू दिले गेले, तर काहींना निष्क्रिय चूर्ण. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : जिवाणू दिलेल्यांपैकी १६ टक्के दगावले, इतरांपैकी ६ टक्के. ते पूरक वनस्पतिजन्य नव्हते, पण निरुपद्रवीपणाची ख्याती त्यालाही होती. हळदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. भाजीतली चिमूटभर हळद आणि गोळीतले तिचे सत्त्व यांत अंतर आहे.

मग चाचणीच नको, असे म्हणावे काय? तसे म्हटल्याने पूरके खपायची थांबत नाहीत. त्यांचे बळी मात्र कोणाच्या गणतीत येत नाहीत. निष्क्रिय चूर्ण मिळालेल्यावर अन्याय झाला, असेही नव्हे. नेहमीचे उपचार त्यालाही मिळतात, आणि हिताचे काय हे आधी कोणालाच ठाऊक नसते.

अन्यायाचा संभव आहे तो संमतीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांमधील जाम नदीत गोटमारीला उतरणाऱ्यास येणारा दगड दिसत असतो. पोटातल्या कळांनी तळमळणाऱ्या सौंसरच्या शेतकऱ्याला धोका दिसत नाही. त्याला दिसते ती घरची हळद. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी असलेल्या या मुलखात संमतिपत्राची भाषाही त्याला परकी ठरू शकते. अशा वेळी हळदीवरच्या त्याच्या श्रद्धेचा आधार घेऊन अंगठा घेणे ही फसवणूकच होय, मग हेतू कितीही शुद्ध असो.

त्याच्या बोलीत त्याला एवढे सांगणे वैद्याला बंधनकारक आहे : याने गुण येईल की अपाय होईल, हे आम्हाला ठाऊक नाही, तुम्ही नकार दिलात तरी उपचारांत काही उणे पडणार नाही. हे ऐकूनही तो होकार देईल, तर तोच होकार खरा.