गळ्यातील गाठ, मनातील संशय

सज्जनहो, सांगलीच्या विश्रामबागेत राहणाऱ्या या दासाच्या गळ्यात चैत्रात एक गाठ हाताला लागली. गाठ थायरॉईड ग्रंथीची. सुईने तिच्यातला अंश काढून भिंगाखाली पाहिला. अहवाल आला : तिसरा वर्ग, निश्चित सांगता येत नाही.

हे वर्ग सहा. २००७ साली अमेरिकेत बेथेस्डा येथे तज्ज्ञांची परिषद भरली, तीतून ते निघाले. दुसरा वर्ग निर्दोष, सहावा कर्करोग. तिसऱ्यातल्या ज्या गाठी पुढे कापून काढतात, त्यांत शंभरी सुमारे २२ कर्करोगाच्या निघतात.

न्यायशास्त्र शिकविताना गुरुजी म्हणत, तिन्हीसांजेला दूर काही उभे दिसते. खुंट की माणूस? याचेच नाव संशय. आमच्या घरच्यांनी माणूस, तोही चोर, ठरवून रडायला आरंभ केला. एक माळकरी म्हणाले, ‘बुवा, खुंटच तो. पांडुरंग बघून घेईल, आता सुई नको.’ अहो, जवळ जाऊन पाहिले कोणी? संशय फिटतो तो पाहिल्याने. देवावर भार घालणे म्हणजे डोळे मिटणे नव्हे!

डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी पुन्हा सुई. म्हणजे आषाढीची वारी करून.

धास्ती दुसरीच आहे. या ग्रंथीच्या मागून आवाजाची नस जाते. शस्त्रक्रियेत ती दुखावली तर कीर्तन कसे व्हायचे? हे डॉक्टरांना दिवसा विचारले, पांडुरंगाला रात्री विचारतो. नाम घेता घेता झोप लागते, रोज नाही.

परवा एकादशीला पेटीवाला म्हणाला, ‘बुवा, स्वर उतरवू का?’ म्हटले, नेहमीचीच काळी एक धर.