पट्ट्याचे दुसरे टोक

थेरपी डॉग म्हणजे रुग्णालय, वृद्धाश्रम किंवा विशेष मुलांच्या शाळेत पालकासोबत जाऊन अनोळखी माणसांना जरा वेळ सोबत करणारा घरचा कुत्रा. दृष्टिहीनांना वाट दाखवणारा कुत्रा एकाच माणसासाठी आणि नेमक्या कामासाठी तयार केलेला असतो. थेरपी डॉगने मात्र जवळ बसायचे आणि कुरवाळू द्यायचे, एवढेच. ते सोपे वाटते. सगळ्याच कुत्र्यांना जमत नाही.

या कामाची सुरुवात काहीशी योगायोगाने झाली. बोरिस लेव्हिन्सन या अमेरिकी बालमानसशास्त्रज्ञाकडे आलेला एक अबोल मुलगा त्यांच्या जिंगल्स या कुत्र्यापाशी मोकळा होऊ लागला. त्या अनुभवावर त्यांनी १९६२ मध्ये लेख लिहिला. पुढे एलेन स्मिथ या अमेरिकी परिचारिकेने इंग्लंडमध्ये एका धर्मगुरूंच्या कुत्र्याभोवती रुग्णांचे चेहरे खुललेले पाहिले आणि १९७६ मध्ये न्यू जर्सीत स्वयंसेवकांची संस्था उभी केली. १९९९ मध्ये सॉल्ट लेक सिटीत मुले कुत्र्यांना पुस्तके वाचून दाखवू लागली. अडखळत वाचणाऱ्या मुलाला कुत्रा हसत नाही, चूक दाखवत नाही, घाईही करत नाही. महाराष्ट्रात मानसशास्त्रज्ञ मिनल कविश्वर यांच्या ॲनिमल एंजल्स फाउंडेशनने हे काम रुजवले.

या सेवेतला खरा नैतिक प्रश्न पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. स्वयंसेवक स्वतःच्या इच्छेने येतो. कुत्र्याला कोणी विचारलेले नसते. त्याचा होकार-नकार शरीरातून वाचावा लागतो. झोप आलेली नसताना जांभई, वारंवार ओठ चाटणे, मान फिरवणे, शेपूट आत घेणे, पालकाच्या पायामागे सरकणे, या सगळ्याचा अर्थ ‘आता पुरे’ असा असतो. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूशच आहे, असेही नाही. वॉर्डातले दहा जण वाट पाहत असताना कुत्र्याची ही कुरकुर ऐकणे अवघड जाते. पण तेच स्वयंसेवकाचे पहिले काम. अमेरिकेतील पेट पार्टनर्स ही संस्था दिवसाला दोन तासांहून अधिक भेट होऊ देत नाही, आणि ही मर्यादा योग्यच आहे. कुत्र्याला थकवून माणसाला दिलेला दिलासा ही सेवा नव्हे, वापर आहे.

समोरच्या माणसाचा होकारही तितकाच महत्त्वाचा. आपल्याकडे रेबीजमुळे आजही माणसे दगावतात, त्यामुळे कुत्र्याची भीती हा भित्रेपणा मानता येत नाही. खाटेवरच्या रुग्णाला उठून दूर जाता येत नाही. म्हणून कुत्रा दारातच थांबवावा, आधी विचारावे आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला आग्रह करू नये. ॲलर्जी किंवा उघडी जखम असलेल्यांबाबत डॉक्टरांचा शब्द अखेरचा. लसीकरण, जंतांचे औषध, कापलेली नखे, स्वच्छ अंग, भेटीआधी आणि नंतर हात धुणे, यांत सवलत नसते.

वृद्धाश्रमात आणखी एक जबाबदारी येते. कुत्रा दर गुरुवारी येतो असे कळले की आजी बुधवारपासून बिस्किट बाजूला ठेवू लागतात. दोनदा जाऊन, फोटो काढून थांबणारा स्वयंसेवक त्यांच्या वाट्याला आणखी एक ताटातूट देतो. कुत्रा म्हातारा झाला, निवृत्त झाला किंवा गेला, तर तेही त्यांना सांगायला हवे.

उत्तम जातीचाच कुत्रा लागतो, हा समज चुकीचा आहे. शांत स्वभावाचा, माणसांत रमणारा गावठी कुत्राही हे काम करतो. वय मात्र किमान एक वर्ष असावे आणि घराशी त्याची ओळख पक्की झालेली असावी. ज्यांना ही सेवा करायची आहे त्यांनी आधी पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी, अनुभवी संस्थेकडून शिकावे, आणि कुत्रा रुग्णालयाच्या दारापाशी थबकला, तर त्या दिवशी त्याला घेऊन घरी परतावे.