मोहरीवरचा मावा आणि आपला हात



थंडी सुरू झाली की ग्रुपवर मोहरीच्या वाफ्यांचे, कुंड्यांचे फोटो येऊ लागतात. भोपाळला राहून आपल्याला फोडणीच्या मोहरीइतकीच तिच्या पानांचीही गोडी लागली. महाराष्ट्रातले नातेवाईक हसतात, "मोहरीची भाजी करता?" करतो बुवा, आणि मक्याच्या भाकरीबरोबर खातो! बी टाकलं की चार-पाच दिवसांत उगवतं, महिन्या-सव्वा महिन्यात पानं खुडायला येतात. पण पौषात दोन दिवस ढगाळ गेले की त्याच फोटोंखाली प्रश्न येतो : शेंड्यावर मावा पडलाय (इकडे माहू म्हणतात), काय मारू? लगेच खाली दुसरा प्रश्न : साधकाने मारायचं का?

यावर दोन सोपी उत्तरं ऐकू येतात. एक, "मारू नका, त्यांचाही वाटा आहे." ऐकायला गोड आहे. पण माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं घालते, आठवड्याभरात शेंडा काळा पडतो. मग आपण बाजारातून जुडी आणतो, आणि तिच्यावर बहुधा दुसऱ्या कुणीतरी फवारलेलं असतं. म्हणजे हिंसा टळली नाही, फक्त आपल्या नजरेआड गेली. दुसरं उत्तर, "पान खुडणं हीसुद्धा हिंसाच, मग फवारा मारायला काय हरकत?" हे आम्हाला पहिल्यापेक्षाही खोटं वाटतं. सगळं सारखंच म्हटलं की विचार करायचं कामच उरत नाही.

आणि भोपाळमध्ये बसून तरी हे इतक्या सहज म्हणता येऊ नये. काली परेडच्या युनियन कार्बाइड कारखान्यात काय बनत होतं? पिकावरची कीड मारायचं औषध. नाव सेविन, म्हणजे कार्बारिल. अमेरिकेत लोक ते घरच्या बागेतही वापरत. ते करायला जो मिथाइल आयसोसायनेट लागे, तोच 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री टाकीतून सुटला. जे.पी. नगरच्या झोपड्या रस्त्यापलीकडेच होत्या. अंगणात सेविनची चिमूट टाकणाऱ्या माणसाला या वस्तीचं नावही माहीत नव्हतं. त्याचा दोष म्हणत नाही. पण त्याच्या चिमटीतली वस्तू कुठून येते, हे त्याला दिसत नव्हतं. तेच कार्बारिल भारतात 2018 साली बंद झालं. कारखान्यात पडून राहिलेला 337 टन विषारी कचरा 2025 च्या जानेवारीत पीथमपूरला नेला गेला. म्हणजे चाळीस वर्षं तो इथेच होता.

किसा गौतमीची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. मेलेलं मूल घेऊन ती दारोदार फिरली, जिथे कुणी मेलं नाही अशा घरातली मूठभर मोहरी मागत. जुन्या भोपाळच्या त्या गल्ल्यांत तिला दुसरं दार वाजवायचीही गरज पडली नसती.

म्हणून आम्हाला वाटतं, मारावं की नाही यापेक्षा, जे मारतो त्याची हद्द आपल्याला दिसते का, हे आधी विचारावं. बोटाने शेंडा चिरडला तर किती जीव गेले ते दिसतं, बोटाला हिरवं लागतं, किळसही येते. ती किळस असू द्यावी. फवाऱ्याची हद्द भिंतीपाशी संपत नाही : फुलावरची मधमाशी, शेजारच्या आजींची तुळस, नाल्याचं पाणी.

पाच एकर मोहरी असलेल्या शेतकऱ्याला मात्र हे सांगायला जाऊ नये. तो बोटाने किती चिरडणार? त्याच्यावर कर्ज आहे. आपल्यावर दोन कुंड्या आहेत. आपल्याला जी सवड आहे ती पुण्याई नव्हे.

तेव्हा करायचं काय? मावा पडलेला शेंडा खुडून साबणाच्या पाण्यात टाका. बाकी पानांवर सकाळी पाण्याचा जोराचा फवारा मारा. फारच झालं तर निंबोळी अर्क, तोही संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर. कोबीच्या शेतात मोहरीच्या ओळी मुद्दाम लावतात, कीड तिच्यावर यावी आणि कोबी वाचावा म्हणून. तसंच आपणही कडेची दोन झाडं माव्यालाच सोडून द्यावीत. तिथे लाल ठिपक्यांचे भुंगे येतात, आणि त्यांची अळी दिवसभर मावाच खाते. ती करड्या-काळ्या रंगाची, काटेरी, दिसायला कुरूप असते. बरेच जण तिलाच कीड समजून आधी मारतात.