मंत्र फसतो तेव्हा

अंधश्रद्धेवर बोलायला सांगलीत चार जण जमलो की हल्ली एक तक्रार हमखास निघते. मुलं फाशांचे खेळ खेळतात, त्यात मंत्र म्हणून जादू करतात. उद्या हीच मुलं देवऋष्याच्या दारात बसतील. तक्रार करणारी माणसं माझीच, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर यांना ऐकत घडलेली. म्हणून तिचा उथळपणा जास्त बोचतो. खेळ परदेशी आहे, अभ्यास बुडतो, हे आक्षेप कुठल्याही खेळावर घेता येतात. ते मी सोडून देतो.

विश्रामबागेत बहिणीच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, भाचा आणि त्याचे मित्र ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 1974 सालचा खेळ. भाच्याचा जादूगार पाचव्या पातळीवर आहे. ‘फायरबॉल’ या मंत्राच्या ताकदीचे स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायच्या संधी, त्याच्याकडे दोनच, ते संपले की विश्रांती घेईपर्यंत तो मंत्र बंद. मंत्र तोंडाने म्हणायचा, हातवारे करायचे, वटवाघळाची विष्ठा आणि गंधक जवळ हवं. पल्ला दीडशे फूट, स्फोटाची त्रिज्या वीस फूट, इजा आठ फाशांची, चपळाईने वाचला त्याला निम्मी. त्रिज्येत आपलाच गडी असला तर तोही भाजतो. मी बघत होतो त्या दिवशी भाजला. भाच्याने तोंड पाडून कागदावरच्या चौकोनावर पेन्सिलीने फुली मारली.

आक्षेप घेणारे विचारतात, ही विष्ठा आणि तो लिंबू-अंगारा यांत फरक काय? दिसायला काहीच नाही, हे मी मान्य करतो. फरक कळतो तो मंत्र फसल्यावर. देवऋष्याचा उतारा लागू पडला नाही की कारणं मागाहून येतात: विटाळ झाला, अमावास्या टळली, तुमची श्रद्धा कमी पडली. खेळात फसण्याचं कारण आधीच छापलेलं असतं. मागाहून येते ती सबब, आधी सांगितलेला तो नियम. खेळ चालवणारा नियम वाकवू शकतो, हे खरं. तशी मुभा त्याला असते. पण त्याने आपल्या खलनायकाला एक मंत्र जास्त दिला तेव्हा तिन्ही पोरं ओरडली, ‘पान दाखव!’ देवऋष्याकडे पान मागणं हीच अश्रद्धा ठरते.

अमेरिकेत 1980च्या दशकात धर्मभीरू पालकांनी याच खेळाविरुद्ध रान उठवलं होतं. तिथे मुलं खरोखरच्या सैतानाच्या नादी लागतील ही धास्ती, इथे मुलांना मंत्र खरा वाटेल ही. फसण्याचा विचार दोन्हीकडे नाही.

मला अडवणारा खरा प्रश्न वेगळा आहे. नियम तर ज्योतिषाच्या पोथ्यांतही भरपूर आहेत. मग? इथे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी 2008 साली घेतलेली ज्योतिषांची चाचणी आठवावी. हुशार आणि मतिमंद मुलांच्या दोनशे कुंडल्या होत्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस दिल्या, कुंडली बघून मूल यांतलं कोणतं ते ओळखायचं. उत्तरं पाठवणारे सत्तावीस, बरोबर उत्तरं सरासरी 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती. म्हणजे नुसता नियम पुरत नाही. हरलो हे कशावरून ठरेल, तेही आधी कबूल करावं लागतं. चमत्कार सिद्ध करून दाखवा, या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या 21 लाखांच्या आव्हानाचं मर्म मला बक्षिसाच्या रकमेपेक्षा या आधी ठरवून घेतलेल्या अटींत दिसतं.

दाभोलकरांच्या खुनानंतर, 2013 साली झालेला जादूटोणाविरोधी कायदाही मी असाच वाचतो. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे. माझ्या लेखी कळीचा शब्द ‘अडवून’. नागपंचमीसाठी ओळखल्या जाणाऱ्या शिराळ्याकडच्या शेतकऱ्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. साप चावल्यावर सबबी ऐकत बसायला वेळ नसतो.

पुढच्या शिबिरात मी हा खेळ मांडणार आहे. आक्षेप घेणाऱ्यांना जादूगाराची पात्रं देईन आणि पहिला मंत्र फसेपर्यंत त्यांना उठू देणार नाही. फासे आणि पुस्तक भाचा देतो म्हणाला आहे.