हातात कानस, मनात घर

निपाणी, चिकोडी, बेळगावकडची मुलं-मुली दहावी-बारावी झाली की बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात शिकायला येतात. नेत्तूर टेक्निकल ट्रेनिंग फाउंडेशन ही संस्था इथेच आहे. तिची सुरुवात मात्र १९५९ मध्ये केरळातल्या नेत्तूरला झाली.

तिथे टूलमेकिंग शिकताना आधी हातात येते ती कानस. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये पकडायचा, घासायचा, काटकोन तपासायला गुण्या लावून उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचा. तळहाताला फोड येतात आणि नेमकं तेव्हाच घर फार आठवतं.

आईबाबांनो, फोनवर नुसतं ‘जेवलास का?’ विचारू नका. आज काय घासलंस, गुण्यात बसलं का, हेही विचारा. मूल मोकळं बोलू लागतं.

आणि मुलांनो, खोलीत एकटे कुढत बसू नका. मेसमध्ये वाढणाऱ्या अण्णांना कन्नडमध्ये ‘ऊटा आयता?’ (जेवण झालं का?) म्हणून बघा. रविवारी पीण्या इंडस्ट्री स्टेशनवरून मेट्रो पकडून शहर पाहून या. फारच जड झालं तर त्याच दिवशी सरांना सांगा. पहिल्याच शनिवारी घरी पळू नका. दसऱ्याचं तिकीट मात्र आत्ताच काढा. घराकडे जाणारी राणी चन्नम्मा एक्सप्रेस यशवंतपूरला थांबते.